नावेचा खुंटा

यवतमाळ जिल्ह्यास समुद्र नाहीं, हें पांचवीच्या मुलासहि ठाऊक आहे. मग नाव पाण्यांत बांधून ठेवण्याच्या बोयाविषयीं शाळेच्या वार्षिक अंकांत लेख कशासाठीं, असा प्रश्न पालकांपैकीं पुष्कळांस पडेल. त्यास उत्तर असें कीं, समुद्र नसला तरी पाणी आहे, आणि आमच्या आजोबांनीं जें पाणी पाहिलें त्याहून तें फार निराळें आहे. त्यांच्या काळीं वर्धा व पैनगंगा यांच्या घाटांवर डोंगे चालत, तेहि मुख्यत्वें नदी भरून वाहूं लागली म्हणजे. पुढें धरणें झालीं. पुसदकडे पूस, दिग्रसकडे अरुणावती, बाभुळगांवकडे बेंबळा, आणि जिल्ह्याच्या सीमेवर पैनगंगेस अडवून धरलेलें इसापूरचें विस्तीर्ण पाणी. अशा जलाशयांवर मासे धरून पोट भरणारीं भोई व ढीवर समाजाचीं कुटुंबें आहेत. शेतकऱ्यास जशी बैलजोडी, तशी त्यांस नाव. कर्ज काढून घेतलेली ती नाव एका रात्रीं वाऱ्यानें सुटून खडकावर आपटली, तर त्या घरचा मुलगा पुढल्या वर्षीं शाळेंत येईलच असें सांगतां येत नाहीं. म्हणून हा विषय आम्हीं निवडला आहे.

बोया हा शब्द कोंकणच्या किनाऱ्यावर रुळलेला. बंदरांतील पाण्यावर जें रंगीत पिंप किंवा जो गोळा तरंगतांना दिसतो, तो बोया. कांहीं बोये केवळ खुणेचे असतात. येथें खडक आहे, येथून वाट आहे, एवढेंच ते सांगतात. आपण बोलत आहों तो नाव बांधावयाचा बोया. त्याची रचना समजण्यास गोठ्यापर्यंत गेलें तरी पुरे. बैलास खुंट्याशीं दाव्यानें बांधतात. दावें जेवढें लांब, तेवढ्या वर्तुळांत बैल फिरतो. त्यानें हिसका दिला कीं खुंटा त्यास धरतो. नावेचा खुंटा पाण्याच्या तळाशीं असतो. तें एक मोठें वजन होय. दावें म्हणजे साखळी व दोर, आणि बैल म्हणजे नाव. मग बोयाचें काम काय? दाव्याचें वरचें टोंक पाण्यावर धरून ठेवणें, एवढेंच. तो नोकर आहे, धनी नव्हे. नाव धरण्याचें काम तो करीत नाहीं. ही गोष्ट ध्यानांत न घेतां लोक देखणा बोया विकत घेतात, आणि त्याखालीं पोत्यांत भरलेले धोंडे सोडतात. नांगराचा प्रकार याहून वेगळा. तो नावेबरोबर हिंडतो आणि लागेल तेथें टाकतां येतो. हा खुंटा मात्र एका जागीं कायमचा.

काठावरच्या बाभळीस नाव बांधिली तर काय बिघडलें? बिघडतें तें असें. समुद्रावर भरती-ओहोटी दिवसांतून दोनदां होते. मुंबईच्या बंदरांत मोठ्या उधाणाच्या वेळीं पाणी सुमारें ५ मीटर चढतें व उतरतें. आमच्या धरणांत भरती वर्षांतून एकच. आषाढापासून भाद्रपदापर्यंत पाणी चढत जातें, आणि दिवाळीनंतर कालव्यांस पाणी सुटूं लागलें म्हणजे ओहोटी लागते, ती ज्येष्ठापर्यंत. चढत्या पाण्यांत आंखूड दोरानें बांधलेल्या नावेचें तोंड खालीं ओढलें जातें, व एका रात्रीच्या पावसांत ती भरून बसते. उतरत्या पाण्यांत ती चिखलावर कलंडते. लांकडी असेल तर उन्हानें फळ्या आक्रसून सांधे उघडतात. शिवाय काठावर वारा आला कीं लाटा तिला दगडांवर आपटीत राहतात. बोयास बांधलेली नाव मात्र आपलें तोंड आपणच वाऱ्याकडे फिरविते, आणि लाटा तिच्या निमुळत्या अंगावर येतात. तोटाहि एक आहे, तो लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. बोयापर्यंत जाण्यास एखादी लहान होडी किंवा तराफा लागतो, आणि तोहि कोठेंतरी बांधावा लागतोच.

आतां खुंट्याचा विचार करूं, कारण सर्व भिस्त त्यावर आहे. आर्किमिडीजचा सिद्धांत वरच्या वर्गांतील मुलांनीं शिकलेला आहे; परीक्षेपलीकडे त्याचा उपयोग होतो तो येथें. पाण्यांत बुडालेला पदार्थ जितकें पाणी बाजूस सारतो, तितक्या पाण्याच्या वजनाइतकें त्याचें वजन कमी भरतें. काँक्रीट पाण्याच्या सुमारें २.४ पट जड असतें. म्हणून काँक्रीटचा १०० किलोचा ठोकळा पाण्यांत सुमारें ५८ किलोच भरतो. आमच्या भागांतला काळा पाषाण पाण्याच्या सुमारें २.९ पट जड. त्याचा तेवढाच धोंडा पाण्यांत सुमारें ६५ किलो भरतो. लोखंड ७.८ पट जड. त्याचे १०० किलो पाण्यांत सुमारें ८७ राहतात. म्हणजे लोखंड उत्तम, पण महाग व गंजणारें. काँक्रीट ओतण्यापेक्षां अखंड काळा धोंडा बरा, मात्र त्यास भोंक पाडून लोखंडी कडी घट्ट बसवितां आली पाहिजे. पडक्या चुन्याच्या घाणीचें दगडी चाक कोठें मिळालें, तर त्यासारखी वस्तु नाहीं. त्यास भोंक आयतेंच असतें. देवळाच्या किंवा गढीच्या आवारांतले घडीव दगड मात्र कोणी उचलूं नयेत.

धोंडा किती जड असावा हें वाऱ्यावर अवलंबून आहे. ताशीं ३६ किलोमीटर वेगाचा वारा आपल्या समोर आलेल्या प्रत्येक चौरस मीटरावर सुमारें ६ किलोचा दाब देतो. वेग दुप्पट, म्हणजे ताशीं ७२ किलोमीटर झाला, तर दाब दुप्पट होत नाहीं; चौपट होतो, म्हणजे सुमारें २४ किलो. नावेचें तोंड व वरचें सामान मिळून दीड चौरस मीटर अंग वाऱ्यास लागत असेल, तर एकूण ओढ ३६ किलो झाली. हें ऐकून १०० किलोचा धोंडा पुरे असें वाटेल. परंतु तो पुरत नाहीं. ही ओढ आडवी आहे. धोंडा उचलला जाण्याची गरजच नाहीं, तो घसरला तरी नाव गेली; आणि चिखलावरून घसरण्यास त्याच्या पाण्यांतील वजनाच्या निम्म्याइतकी ओढ पुरते. ६५ चे निम्मे सुमारें ३२. हिशेब येथेंच चुकला. त्यांत लाटांचे हिसके आले, आणि ते वाऱ्याच्या स्थिर ओढीच्या कित्येक पट असूं शकतात. यास्तव लहान डोंग्यासहि २०० किलोहून कमी वजन ठेवूं नये, साधल्यास ३०० ठेवावें, असा आमचा अभिप्राय आहे. आमच्या जलाशयांच्या तळाशीं बहुधा काळी चिकण माती असते. धोंडा तींत रुतला म्हणजे माती त्यास धरून ठेवते आणि त्याचा जोर वाढतो. मात्र रुतण्यास कांहीं महिने लागतात. वादळाची वार्ता ऐकून आदल्या दिवशीं टाकलेला धोंडा कामाचा नाहीं.

चिखलासाठीं भूछत्राच्या आकाराचा एक नांगर करतात. स्कॉटलंडचा अभियंता रॉबर्ट स्टीव्हन्सन यानें बेल रॉक येथील दीपगृह बांधतेवेळीं, म्हणजे १८०७ ते १८१० या काळांत, दीपनौका जागीं धरून ठेवण्यासाठीं तो योजिला. ज्यांनीं ‘ट्रेझर आयलंड’ ही गोष्ट वाचली असेल, त्यांस सांगावयास हरकत नाहीं कीं, तिचा लेखक या अभियंत्याचा नातू.

एवढा धोंडा पाण्यांत न्यावा कसा? समुद्रावर त्यासाठीं यारीची नौका लागते. आमच्याकडे परमेश्वरानें उन्हाळा दिला आहे. वैशाखांत पाणी मागें सरलें म्हणजे जी जमीन उघडी पडते, तींत बैलगाडीनें धोंडा नेऊन, कमरेइतका खड्डा खणून, तो निवांतपणें बसवावा आणि पाण्याची वाट पाहावी. याच वेळीं आसपासची जमीनहि डोळ्यांनीं पाहून घेतां येते. जलाशयाच्या पोटांत उठून गेलेल्या गांवांचीं जोतीं, विहिरींचे कांठ आणि बाभळींचीं खोडें असतात. साखळी त्यांत अडकली तर नाव आंखूड दाव्यावर येते, आणि चढत्या पाण्यांत तिचें काय होतें तें वर सांगितलेंच आहे. अशा ठिकाणाहून खुंटा दूर असावा. धोंडा बसविला म्हणजे काठावरच्या दोन ठळक वस्तूंच्या रेषा धरून त्याची जागा लिहून ठेवावी. बोया तुटून गेला तर ती जागा पुन्हा सांपडण्यास दुसरें साधन नाहीं.

दाव्याच्या लांबीविषयीं बहुतेकांचा समज उलटा असतो. दोर जितका आंखूड तितकी नाव सुरक्षित, असें त्यांस वाटतें. वास्तविक आंखूड दोर खुंट्यास वर उपटतो आणि लांब दोर त्यास आडवा ओढतो; आणि उपटण्यापेक्षां ओढणें कठीण, हें ज्यानें शेतांतलें तण काढलें आहे त्यास समजावून सांगावें लागत नाहीं. पाणी पूर्ण भरलें असतां खोली ८ मीटर होत असेल, तर साखळी व दोर मिळून २४ मीटर असावें. लांबी खोलीच्या तिप्पट असतां दोर अगदीं ताठ झाला तरी ओढीचा एक-तृतीयांश भागच वर उचलण्यांत खर्च होतो; दीडपट ठेविली तर दोन-तृतीयांश. दहावीच्या मुलांनीं काटकोन त्रिकोण काढून पाहावा. कर्ण २४, उंची ८, म्हणून पाया सुमारें २२.६ मीटर. तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळांत, आणि वर नावेच्या लांबीइतकी, मोकळी जागा पाहिजे. शेजाऱ्याचा बोया त्या आंत आला तर दोन नावा रात्रभर एकमेकींस धडका देतील, आणि सकाळीं दोन घरें.

पाणी उतरून ३ मीटर राहिलें कीं याच लांबीचा भार होतो. वीस-एकवीस मीटर दावें तळाशीं लोळत पडतें, गुंता होतो, आणि वर्तुळ वाढून जवळजवळ २४ मीटर त्रिज्येचें होतें. म्हणून दोरास मध्यें एक जास्त फांस ठेवावा, आणि माघानंतर बोया त्या फांसास लावावा. पाणी आणखी उतरलें म्हणजे खोल पाण्यांतील दुसऱ्या खुंट्यावर नाव न्यावी. हा दुप्पट खर्च आहे खरा. पण एकाच खुंट्यावर वर्षभर नाव ठेवण्याचा आग्रह आमच्या पाण्यांत चालत नाहीं.

खालचा तिसरा हिस्सा तरी साखळीचा असावा. ती जड असल्यामुळें तळावर पडून राहते. वाऱ्याचा झोत आला कीं नावेस प्रथम ही साखळी एकेक कडी करून उचलावी लागते, आणि त्यांतच हिसक्याचा जोर जिरतो. वरचा भाग नायलॉनच्या दोराचा करावा. तो ताणला जाऊन पुन्हा आंखडतो. पॉलिप्रोपिलीनचा पिवळा किंवा निळा दोर स्वस्त, पण तो तरंगतो, इंजिनाच्या पंख्यांत सांपडतो, आणि उन्हानें त्याचे तंतु लवकर कुजतात. घरीं वळलेला अंबाडीचा दोर बैलास उत्तम. सतत पाण्यांत तो टिकत नाहीं.

बोया केवढा असावा हें आतां काढतां येईल. समजा, सर्व दावें १० मिलिमीटर जाडीच्या साखळीचें आहे. अशी साखळी पाण्यांत मीटरास सुमारें २ किलो भरते. ८ मीटर खोलींत १६ किलो लोंबत राहील. बोयाची उचल त्याच्या दुप्पट तरी असावी, म्हणजे ३२ लिटर पाणी बाजूस सारणारा बोया पाहिजे. ४० सेंटिमीटर व्यासाचा गोळा साडेतेहेतीस लिटरांचा होतो. २० सेंटिमीटरांचा गोळा घेतला तर व्यास निम्मा झाला, पण आकारमान आठवा हिस्सा, जेमतेम ४ लिटर. तो तळाशीं जाऊन बसेल. वर दोर व खालीं साखळी असेल तर लहान बोयाहि तरेल, परंतु दुरून दिसण्यासाठीं आम्ही ४० सेंटिमीटरांचाच घेण्यास सांगूं.

जुन्या काळीं वाळलेले भोपळे आणि हलकीं लांकडें या कामीं येत. आज काठोकाठीं निळीं प्लॅस्टिकचीं पिंपें दिसतात. तीं वाईट नाहींत, पण झांकणांतून पाणी शिरतें, आणि उन्हानें प्लॅस्टिक ठिसूळ होऊन एके दिवशीं उभें चिरतें. थर्माकोलचे ठोकळे तर वापरूंच नयेत. त्यांचे दाणे सुटून पाण्यावर पसरतात, आणि ज्या माशांवर आपलें पोट तेच ते गिळतात. जाड प्लॅस्टिकचा, आंत फेस भरून घट्ट केलेला बोया चांगला. त्यास भोंक पडलें तरी तो बुडत नाहीं. विकत घेतांना एकच गोष्ट नीट पाहावी. वरच्या कडीपासून खालच्या कडीपर्यंत लोखंडी सळई बोयाच्या पोटांतून आरपार गेलेली आहे काय? ती असेल तर ओढ सळईवर येते. नसेल तर ती प्लॅस्टिकच्या कानावर येते, आणि कान निघून हातांत येतो. पिंप वापरणाऱ्यानें नावेचा दोर पिंपास न बांधतां पिंपाखालच्या साखळीसच बांधावा.

रंग पांढरा किंवा नारिंगी द्यावा. तांबडा व हिरवा हे रंग जगभर जलमार्गाच्या खुणांसाठीं राखून ठेविले आहेत. भारतांत बंदरांत शिरतांना तांबडा बोया डाव्या हातास व हिरवा उजव्या हातास ठेवण्याची पद्धत आहे. आमच्या तलावांत मोठीं जहाजें येत नाहींत, तरी चुकीची खूण लावण्याची संवय नसावी. बोयावर मालकाचें नांव ठळक अक्षरांत लिहावें.

परवानगीचें दोन शब्दांत सांगतों. जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यांत असतो, आणि मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थेकडे. दोघांस विचारल्यावांचून खुंटा बसवूं नये. कोंकणांतील लहान बंदरांचा कारभार १९९६ पासून महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. तेथें नातेवाईक असलेल्यांनीं तिकडे विचारावें.

येथवर वाचून कोणी म्हणेल, तलावांतल्या पाण्यास एवढा हिशेब कशाला? त्यांनीं उजनीचें स्मरण करावें. २१ मे २०२४ रोजीं सायंकाळीं करमाळा तालुक्यांतील कुगांवहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे निघालेली नाव उजनीच्या पाण्यांत अचानक आलेल्या वादळानें उलटली, आणि ६ माणसें बुडालीं. तो समुद्र नव्हता, धरणच होतें. आणि महिना तोच, ज्यांत आमच्याकडेहि दुपार टळल्यावर धुळीचा लोट उठून झाडें मोडतात. समुद्रावर तर मोठमोठ्या जहाजांचे खुंटे उपटले गेले आहेत. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळांत ‘बसरा स्टार’ नांवाचें जहाज नांगर न टिकल्यामुळें रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर येऊन आदळलें. सुदैवानें खलाशी वांचले. पुढल्याच वर्षीं, १७ मे २०२१ रोजीं, तौक्ते वादळांत मुंबईपासून दूर समुद्रांत ‘पी-३०५’ या तराफ्याचे नांगर सुटले, तो वाहत गेला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसें होतीं. सत्तराहून अधिक दगावलीं. यावरून आम्ही पालकांस एवढेंच विनवितों कीं, वादळांत नावेची राखण करण्यासाठीं कोणी नावेंत झोंपूं नये. आणि सुटलेल्या नावेमागें पोहत जाऊं नये. वाऱ्यानें ढकललेली रिकामी नाव पोहणाऱ्यापेक्षां वेगानें जाते. ती काठास लागेल तेथें सकाळीं सांपडेल, मोडकी कां होईना.

राहतां राहिली निगा. खुंटा पाण्याखालीं दिसत नाहीं, म्हणून तो विसरला जातो. साखळी सर्वत्र सारखी झिजत नाहीं. जी कडी तळावर पडते व उचलते, पुन्हा पडते व पुन्हा उचलते, तेथें ती सर्वांत लवकर पातळ होते. वरच्या चार कड्या चकचकीत पाहून समाधान मानणें म्हणजे वाड्याचा दरवाजा पाहून मागची भिंत धड आहे असें समजणें. १० मिलिमीटरांची कडी झिजून ८ मिलिमीटर झाली तर दिसण्यांत फारसा फरक नाहीं. पण तिचें बळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें, म्हणून तें १०० चें ६४ उरतें. अशी साखळी बदलावी.

साखळी जोडणाऱ्या कड्यांचे खिळे आपोआप उलगडतात. ते तारेनें बांधून टाकावे. ती तार साखळीच्याच जातीची, जस्ताचा मुलामा दिलेली असावी. तांब्याची तार गुंडाळली तर पाणी, जस्त व तांबें मिळून व्होल्टाचा घटच तयार होतो आणि जस्त खाल्लें जातें. खाऱ्या पाण्यांत झपाट्यानें, गोड्या पाण्यांत सावकाश. बोयाखालीं एक फिरती कडी असावी, नाहींतर नाव फिरतां फिरतां दोरास पीळ भरतो. ती कडी हातानें फिरवून पाहावी. गंजून धरली असेल तर ती नसल्यासारखीच. नावेच्या तोंडाशीं दोर जेथें कांठास घासतो, तेथें पाण्याच्या जुन्या नळीचा तुकडा चढवावा. दोर बहुधा तेथेंच तुटतो. बोयास चिकटलेलें शेवाळ खरडून काढावें. समुद्रावर शिंपले चिकटून बोयाचें वजन इतकें वाढतें कीं तो अर्धा बुडतो.

कोंकणांत पश्चिम किनाऱ्याची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, तेव्हां नावा व सामान वर काढून पाहण्यास वेळ मिळतो. आमच्याकडे तपासणीची खरी वेळ वैशाख, कारण त्या वेळीं खुंटा व खालची साखळी कोरडी उघडी पडते. दुसरी तपासणी दिवाळीच्या सुटींत, पाणी भरलेलें असतां, होडींतून करावी. साखळी येईल तितकी वर ओढून पाहावी. या कामीं मुलांनीं वडिलांस मदत करावी. शाळेच्या प्रयोगशाळेंत जाडी मोजण्याचें जें कॅलिपर शिकविलें जातें, तें यासाठीं मागितल्यास मिळेल. एका वहींत तारीख, तळाकडून तिसऱ्या, पांचव्या व दहाव्या कडीची जाडी, दोर बदलल्याचा महिना, आणि खुंट्याच्या त्या दोन रेषा लिहाव्या. वही नावेंत ठेवूं नये, घरीं ठेवावी.